वाचकांचे प्रश्न : पडलेल्या झाडाच्या जागी उगवणारे पोकवीड

मागील अंकात नाशिकच्या एका वाचक भगिनींनी पाठवलेले छायाचित्र आम्ही छापले होते. त्यांची कन्या कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील देशात शिकते आणि तेथील मोंतेवेर्देच्या डोंगराळ अरण्यात तिला पुरुषभर उंचीचे, गुलाबी खोडाचे आणि काळ्याजांभळ्या फळांच्या लांब मंजऱ्या असलेले झाड दिसले. ‘फायटोलॅक्का रिविनॉइडिस’ ही पोकवीडची, म्हणजे फायटोलॅक्का या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील), उष्ण कटिबंधातील जाती, अशी ओळख आम्ही चार ओळींत दिली होती. ती अपुरी वाटल्याचे अनेक वाचकांनी कळवले आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून या वेळचे सदर केवळ या एका वनस्पतीसाठी ठेवले आहे.

प्रश्न : छायाचित्रातील फळे आमच्या परसातल्या मायाळूच्या फळांसारखी दिसतात, रंगही तोच आहे. ही वनस्पती मायाळूच्या कुळातील आहे का? नसल्यास दोन्हींतील फरक कसा ओळखावा? (एक वाचक, सांगली)

कुळ वेगळे आहे, परंतु आपल्या डोळ्यांना जाणवलेले साम्य खोटे नाही. मायाळू, बीट, पालक, माठ, राजगिरा, कोंबडा, गुलबक्षी, बोगनवेल आणि निवडुंग या सर्वांची कुळे वनस्पतिशास्त्रात एकाच मोठ्या गणात येतात आणि फायटोलॅक्काचे कुळही त्याच गणात आहे. या गणातील बहुतेक कुळांचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्यातील लाल-जांभळा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. जांभूळ, करवंद किंवा जास्वंद यांच्यातील रंग मात्र अँथोसायनिन या सर्वस्वी निराळ्या द्रव्यांचा असतो. ही दोन प्रकारची रंगद्रव्ये एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत. मायाळूचे पिकलेले फळ चुरडल्यावर बोटांना लागणारा रंग आणि कोस्टा रिकातील त्या फळाचा रंग एकाच जातकुळीचा आहे, असे म्हणता येते ते यामुळे.

आता फरक पाहू. मायाळू ही वेल आहे, तिची पाने जाड व बुळबुळीत असतात आणि फुले देठाविना थेट कणसाच्या दांड्याला चिकटलेली असतात. फायटोलॅक्का रिविनॉइडिस ताठ वाढते. ती सामान्यतः दोन ते तीन मीटर उंच होते, तिचे खोड मऊ, गुळगुळीत आणि बहुधा गुलाबी किंवा लालसर असते, आणि एकाआड एक येणारी साधी, अखंड कडांची, टोकदार पाने लांबीला वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक भरतात. फुले लहान, पांढरी ते फिकट गुलाबी असतात. त्यांच्यात संदले आणि पाकळ्या असा भेद नसून पाचच परिदले असतात आणि प्रत्येक फूल सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या बारीक देठावर उभे असते. फुलांची मंजरी सैल आणि लांब असते. तिची लांबी सहज एक फुटापेक्षा जास्त होते. मंजरी तळापासून टोकाकडे उमलत जात असल्यामुळे एकाच दांड्यावर खाली काळी पिकलेली फळे, मध्ये हिरवी फळे आणि टोकाला उमलती फुले अशी सर्व वये एकाच वेळी पाहायला मिळतात. फळे पिकू लागली की मंजरीचा दांडा आणि फळांचे देठ गडद गुलाबी होतात. गुलाबी देठावर काळे चकचकीत फळ ही जोडी पक्ष्यांच्या नजरेत भरते, आणि वनस्पतीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे असते.

खात्रीची परीक्षा मात्र फळाच्या आत आहे. मायाळूच्या फळात एकच बी असते आणि ज्याला आपण गर म्हणतो ती खरे पाहता फुलाची मांसल झालेली परिदले असतात. फायटोलॅक्काच्या फुलात अनेक किंजदले (बी धरणारे स्त्री-अवयव) वर्तुळात एकमेकांना जुळलेली असतात. रिविनॉइडिस जातीत ती साधारणपणे दहा ते सोळा असतात आणि प्रत्येकात एक बी धरते. म्हणून तिचे कोवळे हिरवे फळ नीट पाहिल्यास इवल्याशा लाल भोपळ्यासारखे खाचांचे दिसते. पिकून रस भरला की खाचा बुजतात आणि फळ गोल होते. ते चुरडून आतील काळ्या, चकचकीत, चपट्या बिया मोजल्या की शंका उरत नाही.

प्रश्न : ‘फायटोलॅक्का’ आणि ‘रिविनॉइडिस’ या नावांचा अर्थ काय? याच प्रजातीत आयकोसँड्रा, ऑक्टँड्रा, डोडेकँड्रा अशी नावे वाचली; त्यांचा अर्थही सांगावा. (एक वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका, कोल्हापूर)

आपण विचारलेला पहिला शब्द आपल्या घराजवळून निघालेला आहे. ‘फायटॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत वनस्पती, आणि ‘लॅक्का’ हा मध्ययुगीन लॅटिन शब्द लाखेपासून मिळणाऱ्या किरमिजी रंगासाठी वापरला जाई. तो शब्द पश्चिमेला पोहोचला तो आपल्या ‘लाख’ या शब्दातून, आणि लाखेचे मूळ संस्कृत ‘लाक्षा’ आहे. पळस-कुसुंबावरच्या किड्यांपासून मिळणाऱ्या रंगाचे नाव अमेरिकेतील एका झाडाच्या फळाला चिकटावे, हा शब्दांचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. ‘पोकवीड’ या इंग्रजी नावातील ‘पोक’ हाही रंगाचाच शब्द असून तो उत्तर अमेरिकेतील अल्गॉन्क्वियन भाषांतून आला आहे. तेथील मूळ रहिवासी ज्या वनस्पतींपासून लाल रंग काढत, त्यांच्यासाठी तो वापरला जाई.

‘रिविनॉइडिस’ म्हणजे रिविनासारखी. रिविना ही प्रजाती लाइपझिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ आउगुस्ट क्विरिनुस रिविनुस यांच्या नावावरून ओळखली जाते. रिविना ह्युमिलिस ही तिची जाती बागेतले शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि आता काही ठिकाणी झाडांच्या सावलीत आपोआप उगवते. गुंजेहून जरा लहान, लालचुटूक, पारदर्शक भासणाऱ्या फळांची ती गुडघाभर वनस्पती आपण पाहिली असण्याची शक्यता आहे. तिच्या सडपातळ मंजरीशी असलेल्या साम्यावरून कुंट आणि बुशे या दोघांनी बर्लिनच्या वनस्पतिउद्यानाच्या १८४८ च्या बीजसूचीत आपल्या पोकवीडला हे नाव दिले. यांतील कुंट म्हणजे हुंबोल्ट आणि बोनप्लां या प्रवासी निसर्गशास्त्रज्ञांनी अमेरिकेतून आणलेल्या वनस्पतींचे वर्णन करणारे शास्त्रज्ञ. साम्य वरवरचे होते. रिविनाच्या फुलात चार परिदले, चार केसरदले (पुंकेसर) आणि एकच किंजदल असते, त्यामुळे फळात एकच बी मिळते. आज तर रिविनाला फायटोलॅक्काच्या कुळातून बाहेर काढून वेगळ्या कुळात ठेवले आहे.

बाकीची नावे म्हणजे केसरदलांची मोजदाद आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसच्या वर्गीकरणात केसरदलांच्या संख्येला मोठे स्थान होते, म्हणून आठ केसरदलांची ती ऑक्टँड्रा, बारांची ती डोडेकँड्रा आणि विसांची ती आयकोसँड्रा. आयकोसँड्रा हे नाव १७५९ मधील आहे. प्रत्यक्ष शेतात वा रानात ही संख्या इतकी काटेकोर राहत नाही. आयकोसँड्राच्या फुलात वीसपेक्षा बरीच कमी केसरदलेही आढळतात. त्यामुळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, जेथे रिविनॉइडिस आणि आयकोसँड्रा या दोन्ही जाती मिळतात, तेथे फुलाच्या देठाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. आयकोसँड्राची फुले आखूड देठांवर दाटीने बसलेली असतात आणि मंजरी बहुधा उभी राहते; रिविनॉइडिसची मंजरी सैल, लांब देठांची आणि बरेचदा झुकलेली असते. आपल्या विद्यार्थ्यांना संख्या मोजायला अवश्य लावावे, पण एका फुलावर न थांबता दहा-बारा फुले मोजायला सांगावे.

प्रश्न : या वनस्पतीचे वसतिस्थान ‘वर्षावनातील मोकळ्या जागा’ असे लिहिलेले आढळते. घनदाट वर्षावनात मोकळी जागा कोठून आली? आणि ती जागा पुन्हा झाडांनी भरून गेल्यावर ही वनस्पती जाते कोठे? (एक वाचक, रत्नागिरी)

आपला दुसरा प्रश्न या वनस्पतीच्या जीवनाच्या अगदी गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो.

रिविनॉइडिसचा भौगोलिक विस्तार मोठा आहे. दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांमार्गे दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया आणि ब्राझीलपर्यंत ती आढळते. सखल, उष्ण वर्षावनांतही मिळते आणि डोंगरमाथ्यावरच्या थंड, ओल्या मेघवनांतही मिळते. मेघवन म्हणजे ज्या उंचीवर ढग रोजच्या रोज झाडांमधूनच सरकत जातात ते अरण्य. मोंतेवेर्दे हे सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचे असेच अरण्य आहे आणि कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे त्याला जवळजवळ वर्षभर भिजवत ठेवतात. पावसाळ्यातली आंबोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना तेथील हवेची थोडीफार कल्पना येईल, मात्र आंबोलीतील धुके चार महिन्यांचे असते.

इतक्या मोठ्या प्रदेशाचा नकाशा रंगवला तरी त्यावरून ही वनस्पती कोठे भेटेल हे सांगता येत नाही, कारण दाट सावलीत ती उगवतच नाही. तिला उघडे ऊन लागते, आणि वर्षावनाच्या तळाशी ते क्वचितच पोहोचते. ओल्या मातीत उथळ मुळे धरलेला, अंगाखांद्यावर शेवाळ, नेचे आणि आमरे यांचा भार वाहणारा एखादा प्रचंड वृक्ष वाऱ्याने कोसळतो, जाताना शेजारची चार झाडे घेऊन जातो आणि छतात भगदाड पडते. किंवा मुसळधार पावसात उताराची दरड घसरते. मोकळी जागा तयार होते ती अशी. रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ आणि माणसाने तोडलेली राने यांचाही फायदा ही वनस्पती घेते, परंतु तिची जडणघडण झाली ती पडलेल्या झाडांच्या जागेत. म्हणून तिचे वसतिस्थान सांगताना मी जागेपेक्षा घटनेचे नाव घेणे पसंत करतो. वृक्ष पडणे हे तिचे घर आहे, आणि ते घर काही वर्षांपुरतेच उभे असते.

उजेड मिळताच बी रुजते आणि रोप फार वेगाने वाढते. लाकूड साठवण्यात ते शक्ती खर्च करत नाही. मऊ खोड, रुंद पाने आणि लवकरात लवकर फुले असा त्याचा क्रम असतो. तोवर इतर झाडेही वाढत असतात. मोजक्या वर्षांत ती पोकवीडच्या डोक्यावरून जातात, सावली पसरते आणि पोकवीड मरून जाते. त्या अवधीत तयार झालेल्या बियांचे पुढे काय होते, याचा अभ्यास ग्रेग मरे या अमेरिकी शास्त्रज्ञाने मोंतेवेर्दे येथे केला आणि तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. फायटोलॅक्का रिविनॉइडिस आणि वांग्याच्या कुळातील विथरिंजिया प्रजातीच्या दोन जाती अशा तीन वनस्पती त्यांनी निवडल्या होत्या. तिन्ही मोकळ्या जागांवर अवलंबून असतात आणि तिन्हींची फळे पक्षी खातात. मोंतेवेर्देत फळे खाऊन बिया पसरवण्याचे काम प्रामुख्याने तीन पक्षी करतात. काळ्या चेहऱ्याचा सॉलिटेअर हा सुरेल गाणारा पक्षी; काळा-पिवळा सिल्की फ्लायकॅचर; आणि प्रॉन्ग-बिल्ड बार्बेट, जो आपल्या तांबट व कुटुर्गा पक्ष्यांचा दूरचा नातलग आहे. हे पक्षी फळ गिळतात, गर पचवतात आणि काही वेळाने बिया कोठेतरी टाकतात.

हे ‘कोठेतरी’ म्हणजे बहुतेक वेळा दाट सावलीची जमीन, कारण अरण्याचा बहुतांश भाग सावलीतच असतो. थेट दुसऱ्या ताज्या मोकळ्या जागेत बी पडणे हा दुर्मीळ योग आहे, आणि वनस्पती केवळ त्यावर विसंबून राहिली असती तर तिचा वंश टिकणे कठीण होते. परंतु सावलीत पडलेले बी मरत नाही आणि रुजतही नाही. ते मातीत सुप्त राहते. त्याच्या डोक्यावरचा वृक्ष पुढे कधीतरी पडतो, आणि त्या दिवशी ते बी जागेवर हजर असते. पक्षी बियांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतात, तर सुप्तावस्था त्यांना एका काळातून दुसऱ्या काळात नेते. या दोन प्रवासांचा एकत्रित विचार केल्याशिवाय या वनस्पतीचा हिशेब लागत नाही, हे त्या अभ्यासाचे मर्म होते. अशा अग्रगामी वनस्पतींच्या बियांना वरचे छत उघडल्याचे कसे कळते, असे आपण विचाराल. हिरवी पाने उन्हातील लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश बऱ्याच अंशी खाली जाऊ देतात. अनेक बियांमध्ये या दोहोंचे प्रमाण ओळखणारे फायटोक्रोम नावाचे द्रव्य असते. याखेरीज उघड्या जमिनीचे दिवसरात्रीचे तापमानही सावलीतल्या जमिनीपेक्षा अधिक वर-खाली होते, आणि तोही एक इशारा ठरतो.

तेव्हा, जागा भरून गेल्यावर ही वनस्पती जाते कोठे, याचे उत्तर असे की ती बरीचशी तेथेच असते, आपल्या पायाखाली, वाळूच्या जाड कणांएवढ्या काळ्या बियांच्या रूपात.

प्रश्न : मध्य अमेरिकेत या पानांची भाजी करतात असे ऐकले. मग ही वनस्पती विषारी कशी? (एक वाचक भगिनी, पुणे)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोस्टा रिकात कोवळी पाने उकडून खाण्याची चाल आहे, उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात पोकवीडच्या अमेरिकाना या जातीचे कोवळे कोंब दर वेळी आधीचे पाणी फेकून देऊन पुन्हा पुन्हा उकळतात, आणि हिमालयातील अॅसिनोसा या जातीची पानेही शिजवून खाल्ली जातात. परंतु या प्रजातीत सॅपोनिन गटातील (पाण्यात फेस आणणारी) तीव्र द्रव्ये असतात. अमेरिकाना जातीचे मूळ सर्वांत घातक असते, आणि कच्ची पाने वा फळे खाल्ल्यास उलट्या, पोटात कळा आणि जुलाब होतात. लहान मुलांना काळ्या फळांचे आकर्षण वाटते, हा धोका विशेष. कोणते पान किती कोवळे घ्यावे आणि किती पाणी बदलावे हे ज्ञान त्या त्या ठिकाणच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले आहे; ते वाचून उचलण्याजोगे नाही. पक्षी खातात म्हणून फळ माणसाला चालेल, हा समज तर कृपया कोणीही बाळगू नये.

प्रश्न : या झाडाला स्थानिक लोक ‘हाबोन्सियो’ म्हणतात आणि त्याचा अर्थ साबणाशी निगडित आहे, असे मागील अंकात होते. आपल्या रिठ्यासारखा त्याचा उपयोग होतो का? (एक वाचक, लातूर)

होय. त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘लहानसा साबण’ असा होतो. रिठा आणि शिकेकाई यांना फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि वर ज्यांना विषारी म्हटले ती द्रव्ये त्याच गटातील आहेत.

या गुणाची सर्वांत मोठी कथा मात्र आफ्रिकेतील आहे. इथिओपियात फायटोलॅक्का डोडेकँड्रा या वेलीसारख्या झुडपाला ‘एंडोद’ म्हणतात आणि त्याची वाळवलेली फळे कुटून कपडे धुण्याची तेथे जुनी रीत आहे. १९६४ मध्ये अकलिलू लेमा हे तरुण इथिओपियन वैद्यकीय संशोधक अद्वा येथे बिल्हार्झिया या कृमींमुळे होणाऱ्या रोगाचा अभ्यास करत होते. हा रोग गोड्या पाण्यातील गोगलगायींमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. बायका एंडोदने कपडे धूत होत्या त्या ठिकाणाच्या खाली, प्रवाहात मेलेल्या गोगलगायींचा खच पडलेला त्यांना दिसला. गोगलगायी मारल्या तर रोगाची साखळी तुटते, आणि त्यासाठी लागणारे औषध लोकांच्या कुंपणावरच वाढत होते. या कामासाठी लेमा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्दे-योहानेस यांना १९८९ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. धुणाऱ्या बायका तेथे पिढ्यान्‌पिढ्या येत होत्या. लेमांनी प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाऊन पाहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : वर्णनावरून झाड शोभिवंत वाटते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लवकरच कोस्टा रिकाहून येणार आहेत. त्यांच्याकडून चार बिया मागवून बागेत लावाव्यात काय? (एक वाचक, फोंडा, गोवा)

मागवू नयेत. परदेशातून बियाणे आणण्यास २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना व आरोग्य प्रमाणपत्र लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी वरील उत्तरे वाचल्यावर आपल्यालाच दिसेल की, जलद वाढ, भरपूर फळे, पक्ष्यांची आवडती गोडी आणि मातीत दबा धरून राहणारे बी हे सर्व गुण एकत्र येतात तेव्हा वनस्पती बागेच्या कुंपणात राहत नाही. घाणेरी उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आपल्याकडे शोभेसाठीच आणली गेली होती, आणि रानमोडीने कोकण-गोव्याच्या मोकळ्या उतारांचे काय केले आहे हे आपण रोज पाहता. पोकवीडच्या ऑक्टँड्रा या अमेरिकी जातीने निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आधीच पाय रोवलेले आहेत. बुलबुल आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना नव्या फळाची ओळख व्हायला एक हंगाम पुरतो.

जांभळ्या रंगाच्या फळांची हौस असेल तर लाल वेलाचा मायाळू लावावा. त्याचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडावर पेरावे, किंवा शेजाऱ्यांकडून पेरभर तुकडा आणून खोचावा. मांडवावर चढवल्यास गणपतीच्या सुमारास भाजीला पाने मिळतात आणि पुढे फळे धरतात. ती चुरडून मुलांना त्यांच्या रंगाने कागदावर लिहू द्यावे.